ट्रेकचा कार्बन फूटप्रिंट कसा मोजायचा आणि ऑफसेट कसा करायचा: कोल्हापूरच्या ट्रेक ग्रुपांसाठी सगळी पद्धत, क्रमाने

ट्रेक संपतो, लोक घरी पोचतात, फोटो टाकून होतात, आणि मग ग्रुपवर कुणीतरी विचारतं, आपल्या ट्रेकचा कार्बन फूटप्रिंट किती झाला ओ? (म्हणजे ट्रेकपायी एकूण किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला.) तोवर ट्रॅव्हलरवाल्याने डिझेलची पावती टाकून दिलेली असते, मटण पाच किलो होतं का सात हे आचाऱ्याला आठवत नसतं, आणि पुण्याची माणसं किती गाड्यांतून आली होती हे तर कुणालाच माहीत नसतं. मग अंदाजपंचे एक आकडा काढायचा, शंभर रोपं लावायची आणि पुढच्या पोस्टरवर 'कार्बन न्यूट्रल ट्रेक' छापून मोकळं व्हायचं. मनापासून काम करणाऱ्या ग्रुपांचंही इथंच चुकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

क्रम असा: ट्रिपच्या आधी हद्द आणि फॉर्म, ट्रिपमध्ये नोंदी, नंतर हिशोब, मग कमी कुठे करता येतंय ते, आणि सगळ्यात शेवटी क्रेडिट (दुसरीकडे कमी झालेल्या उत्सर्जनाची नोंद विकत घेऊन आपलं फेडायचं, यालाच ऑफसेट म्हणतात). बहुतेक जण शेवटाकडून सुरू करतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. चार दिवसांची गाइडेड ट्रिप, पन्हाळा ते पावनखिंड चालत, विशाळगड, मग एक दिवस राधानगरी-दाजीपूर. महिना डिसेंबर धरलाय कारण पावसाळ्यात दाजीपूर पर्यटकांना बंद असतं. १६ पाहुणे, २ गाइड, १ ड्रायव्हर आणि सामानाची पिकअप चालवणारा १ आचारी, म्हणजे २० माणसं. पाहुण्यांपैकी ८ पुण्याहून दोन डिझेल गाड्यांतून, ५ मुंबईहून ट्रेनने, ३ बेंगळुरूहून विमानाने. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

## टप्पा १: हद्द ठरवा (रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी)

हद्द म्हणजे काय मोजणार आणि काय सोडणार. माझं स्पष्ट मत आहे की पाहुण्याच्या घराच्या दारापासून परत दारापर्यंत सगळं मोजायचं. 'आमची जबाबदारी कोल्हापूर स्टँडपासून सुरू होते' असं म्हणून बरेच ग्रुप पाहुण्यांचा येण्याजाण्याचा प्रवास सोडून देतात आणि तिथंच निम्म्याहून जास्त आकडा गायब होतो. जाहिरात तुम्ही बेंगळुरूत करता, माणूस तुमच्या ट्रेकसाठी येतो, तर तो प्रवास ट्रिपचाच आहे.

हद्दीत हे येतं: पाहुण्यांचा प्रवास, तुमच्या सगळ्या गाड्या (रिकाम्या धावलेल्या फेऱ्यांसकट), रेकीच्या बाइक, राहण्याची वीज, जनरेटर, गॅस आणि जेवण. बूट, सॅक, तंबू बनवताना झालेलं उत्सर्जन सोडलं तरी चालेल, ते वर्षानुवर्षं वापरतो आपण. पण जे सोडलं ते 'सोडलंय' असं लिहून ठेवा.

रेकी विसरू नका. ट्रिपच्या आधी दोन गाइड बाइकवरून करपेवाडीला मुक्काम बघायला जातात, परत पाण्याचं बघायला जातात, ते पेट्रोल या ट्रिपचंच.

चेक: हद्द एका पानावर लिहिली का? त्यावर तारीख टाकली का? ट्रिप झाल्यावर आकडा मोठा दिसला म्हणून हद्द बदलायची नाही.

## टप्पा २: पाहुण्यांचा फॉर्म

रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्येच चार-पाच प्रश्न घाला, ट्रिपनंतर वेगळा फॉर्म पाठवला तर निम्मे लोक भरत नाहीत.

१. प्रत्यक्षात निघणार कुठून? (गाव कुठलं, असं विचारू नका. गाव गडहिंग्लज आणि निघणार हिंजवडीतून असं होतं.)
२. कशाने येणार: ट्रेन, एसटी, खाजगी बस, स्वतःची गाडी, विमान?
३. गाडी असेल तर कुणाच्या गाडीतून, इंधन कुठलं, गाडीत एकूण किती जण?
४. विमान असेल तर थेट का मध्ये बदलून?
५. कोल्हापूरला फक्त ट्रेकसाठी येताय का दुसरं काही कामही आहे?

तिसरा प्रश्न नीट विचारला नाही तर हिशोब पार बिघडतो. पुण्याचे आठही जण 'गाडीने' लिहितात आणि शीटमध्ये आठ गाड्या धरल्या जातात, खऱ्या असतात दोन. उलटंही होतं, ज्याची गाडी तो आयत्या वेळी ट्रेनने येतो आणि बाकीचे तिघं कशाने आले ते कुणी विचारतच नाही. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी फॉर्म हातात घेऊन प्रत्येकाला परत एकदा विचारा, पाच मिनिटं लागतात.

चौथा प्रश्न यासाठी की उड्डाणाच्या वेळी इंधन जास्त जातं, त्यामुळे मुंबईला बदलून आलेला माणूस आणि थेट आलेला माणूस यांचा आकडा सारखा येत नाही. प्रत्येक उड्डाण वेगळं मोजा.

पाचव्याला नियम एकच ठेवा. ट्रेक हे मुख्य कारण असेल तर प्रवास पूर्ण धरायचा, लग्नाला आलाय आणि जोडून ट्रेक करतोय तर निम्मा. कुठला नियम निवडला ते हद्दीच्या पानावर लिहा आणि सगळ्यांना तोच लावा.

## टप्पा ३: हिशोबाचा माणूस आणि सामान

एक माणूस नेमा. मुख्य लीडर नको, त्याचं लक्ष माणसांकडे असतं आणि असायलाच पाहिजे. पिकअपबरोबर राहणारा माणूस सगळ्यात बरा, कारण इंधन, गॅस, बाजार सगळं त्याच्या डोळ्यासमोर होतं.

सामान फार नाही: एक वही, बॉलपेन, फोन, आणि सिलिंडर टांगून वजन करायला हुकचा काटा. बॅगा मोजायचा डिजिटल काटा बहुतेक ५० किलोपर्यंत घेतो, भरलेला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर टाकीसकट त्यात बसतो, तरी काट्यावरची मर्यादा आधी वाचून घ्या.

वही का, फोनमध्येच का नाही? कारण करपेवाडीच्या पुढे चार्जिंगची खात्री नाही आणि फोनमधली नोंद 'नंतर टाकतो' म्हणून राहूनच जाते. वहीत लिहा, पानाचा फोटो काढा.

## टप्पा ४: ट्रिपमध्ये मोजणी

हा टप्पा घाईत करू नका. इथं चुकलं तर नंतर कुठलाही कॅल्क्युलेटर ते दुरुस्त करू शकत नाही.

डिझेल: टाकी ते टाकी. ड्रायव्हरला 'ॲव्हरेज किती देते' असं विचारून किलोमीटरला भागायचं नाही. ड्रायव्हर सपाट हायवेचं ॲव्हरेज सांगतो, आपली गाडी आंब्याच्या घाटात आणि गगनबावड्याच्या चढाला एसी लावून चाललेली असते. त्याऐवजी असं करा. ट्रिप सुरू व्हायच्या आधी पंपावर गाडी सपाट जागी लावून नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, त्यानंतर वरून अजून दाबून भरायला सांगू नका. लगेच ओडोमीटरचा फोटो. मध्ये जेवढ्या वेळा डिझेल टाकलं तेवढ्या पावत्या पाकिटात. ट्रिप संपल्यावर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, परत ऑटो-कटपर्यंत भरा. मधलं आणि शेवटचं मिळून जेवढे लिटर तेवढं तुमचं खरं डिझेल, किलोमीटर फक्त ताळा करायला. थर्मल पेपरची पावती पावसात आणि घामात पांढरी पडते, फोटो तिथंच काढा.

रिकाम्या फेऱ्या. पन्हाळ्यावर राजदिंडीपाशी माणसं उतरवली की ट्रॅव्हलर मलकापूरमार्गे पांढरेपाणीला जाते, रिकामी. काही वेळा ड्रायव्हर रात्री घरी कोल्हापूरला येतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. टाकी ते टाकी पद्धत केली तर हे सगळं आपोआप मोजलं जातं, आणि मार्गाचं अंतर नकाशावर मोजून हिशोब केला तर हमखास सुटतं.

गॅस. प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, पण आपल्याला त्याचीही गरज नाही. निघताना रेग्युलेटर काढून वजन, आल्यावर रेग्युलेटर काढून वजन, फरक म्हणजे जाळलेला गॅस. 'एक सिलिंडर लागला' असं लिहू नका, अर्धा शिल्लक असतो. दोन सिलिंडर नेले असतील तर दोन्हींवर खडूने नंबर टाका, नाहीतर परत येताना कुठला कुठला ते कळत नाही.

चुलीचं लाकूड. गावात चुलीवर भाकरी झाली तर लाकूड किती किलो ते लिहा पण वेगळ्या रकान्यात, कारण झाड परत वाढलं तर तो कार्बन परत धरला जातो, डिझेलचं तसं नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीत पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही.

वीज. हॉटेल किंवा होमस्टेमध्ये आल्यावर आणि निघताना मीटरचा फोटो मागा, छोटे मालक देतात. मोठ्या हॉटेलात नाही मिळत, तिथं गीझर, एसी बघून खोलीला युनिट धरा आणि 'अंदाज' लिहा.

जेवण. बाजाराच्या यादीत किलो लिहा, रुपये नव्हे. मटणाचं वजन कच्चं. शिल्लक राहिलेले तांदूळ, डाळ परत आल्यावर मोजून वजा करा.

चेक, रोज रात्री: ओडोमीटर, पावत्या, गॅस, बाजार या चारही नोंदी झाल्या का? एखादी सुटली असेल तर तेव्हाच आठवून लिहा, चौथ्या दिवशी आठवणार नाही.

## टप्पा ५: हिशोब

आता गुणाकार. वापरायचे आकडे हे, सगळे किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये:

- डिझेल: लिटरला २.६८
- पेट्रोल: लिटरला २.३१
- एलपीजी: किलोला २.९८
- वीज: युनिटला ०.७२ (देशाच्या ग्रिडचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक काळाने नव्याने देतं)
- ट्रेन: माणशी किलोमीटरला ०.०१ धरा
- छोटी विमानफेरी: माणशी किलोमीटरला ०.१५ धरा

लिटरभर डिझेलचं वजन एक किलोपेक्षा कमी मग धूर २.६८ किलो कसा, हा प्रश्न येतोच. जळताना डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि वजन त्याचंच वाढतं. याच कारणाने 'कार्बन' आणि 'कार्बन डायऑक्साइड' यांची सरमिसळ करू नका, एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. नेटवरच्या काही शीट कार्बनमध्ये असतात आणि तिथं आकडा जवळपास चौपटीने चुकतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांमुळे ते सगळ्यांना माहीतही आहे. म्हणून काही जण पेट्रोलचा आकडा थेट २० टक्क्यांनी कमी करतात. नका करू. उसाला खत लागतं, पाण्याचा पंप लागतो, डिस्टिलरीला इंधन लागतं. पूर्ण आकडा धरा, थोडं जास्त भरलं गेलं तर बिघडत नाही.

जेवणाचे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, ११९ देशांतल्या ३८,७०० शेतांच्या माहितीवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले. किलोला मटण साधारण ४०, चिकन १०, तांदूळ ४.५, दूध लिटरला ३, डाळी २ च्या आत. आपल्याकडची माळावर चरणारी शेळी आणि परदेशातली मेंढी एक नव्हे, शिवाय तो आकडा हाड काढलेल्या मटणाचा आहे, त्यामुळे आपला खरा आकडा कमी असू शकतो. तरी ४० च धरा आणि शेजारी 'अंदाज, फरक मोठा असू शकतो' असं लिहा.

आपल्या उदाहरणाचा हिशोब:

- पुण्याच्या दोन गाड्या: जाऊन-येऊन प्रत्येकी ४६० किमी, लिटरला १५ ने ६१.३ लिटर, १६४ किलो
- मुंबईचे ५ ट्रेनने, एका बाजूने ५२० किमी: ५२ किलो
- बेंगळुरूचे ३ विमानाने, एका बाजूने ५३० किमी: ४७७ किलो
- ट्रॅव्हलर, ३४० किमी, ४२ लिटर: ११३ किलो
- पिकअप, २२ लिटर: ५९ किलो
- रेकी, ८ लिटर पेट्रोल: १८ किलो
- गॅस ११.५ किलो: ३४ किलो
- हॉटेलची एक रात्र, ७२ युनिट: ५२ किलो
- जनरेटर, ४ लिटर: ११ किलो
- मटण ५ किलो: २०० किलो
- बाकी सगळं जेवण: १७९ किलो

बेरीज १,३५९ किलो. इथं थांबायचं नाही, तीन गोष्टी अजून राहिल्यात.

एक, डिझेल-पेट्रोल जमिनीतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाही उत्सर्जन होतं. त्यासाठी गाड्या आणि जनरेटरच्या ३६५ किलोवर २० टक्के, म्हणजे ७३.

दोन, विमान उंचावर जे सोडतं त्याचा परिणाम नुसत्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त असतो. ब्रिटन सरकारच्या आकड्यांत यासाठी पूर्वी १.९ ने गुणायचे, हल्ली १.७ ने. १.७ घेतलं तर ४७७ वर ३३४ वाढतात. बरेच कॅल्क्युलेटर हे धरत नाहीत, म्हणून दोन वेबसाइटचे आकडे जुळत नाहीत. ही ओळ वेगळी दाखवा.

तीन, अंदाजाची खोट म्हणून वर १० टक्के.

१,३५९ अधिक ७३ अधिक ३३४ म्हणजे १,७६६ किलो. त्यावर १० टक्के धरून १,९४३, म्हणजे दोन टनाला थोडं कमी.

सावधान: माणशी आकडा काढताना १६ ने भागा, २० ने नाही. गाइड, ड्रायव्हर, आचारी हे पाहुण्यांसाठीच तिथं आहेत. त्यांना भागाकारात घेतलं की माणशी आकडा उगाच लहान दिसतो. १,९४३ भागिले १६ म्हणजे माणशी १२१ किलो.

चेक: डिझेलच्या लिटरला किलोमीटर बसतात का बघा. ३४० भागिले ४२ म्हणजे ८ चं ॲव्हरेज, घाटात एसी ट्रॅव्हलरला पटण्यासारखं. १८ आलं तर पावती सुटलीय, ४ आलं तर दुसऱ्या ट्रिपचं डिझेल यात आलंय.

## टप्पा ६: आता कमी करा (क्रेडिटच्या आधी)

यादीकडे परत बघा. सोळातल्या तीन माणसांच्या विमानाचे ४७७ अधिक ३३४, म्हणजे ८११, १,७६६ मधले जवळपास निम्मे. ते तिघं राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून मिरजेला उतरले असते तर हा आकडा ५० च्या आत आला असता. त्यासाठी तुम्हाला करायचं एवढंच की पहिल्या दिवसाची वेळ ट्रेनच्या वेळेला जुळवायची. सकाळी सहाला पन्हाळ्यावर हजर राहा म्हटलं की माणूस आदल्या दिवशीचं विमान बघणारच, ट्रेन पोचल्यानंतरची वेळ दिली आणि मिरजेहून आणायची सोय केली तर ट्रेन जमते. ट्रेनने येणाऱ्याला फीमध्ये सवलत द्या, लोक ऐकतात.

दुसरं मटण. कोल्हापूरला आलेला पाहुणा तांबडा-पांढरा मागणार आणि त्यात गैर काही नाही, पण या ट्रिपमध्ये एका रात्रीच्या मटणाचा आकडा चार दिवसांच्या ट्रॅव्हलरच्या डिझेलपेक्षा मोठा आहे हे आचाऱ्यालाही दाखवा. चिकनचा रस्सा केला तर २०० चे ५० होतात. पनीर मात्र पर्याय म्हणून घेऊ नका, एक किलो पनीरला पाच ते सात लिटर दूध लागतं, म्हणजे किलोला १५ ते २१, चिकनपेक्षा जास्त. अख्खा मसूर, झुणका-भाकरी, मटकीची उसळ यांचा आकडा अगदी किरकोळ, आणि चालून दमलेल्या माणसाला ते आवडतंही.

तिसरं, ड्रायव्हरची राहायची सोय पांढरेपाणीजवळच करा. रिकामी ये-जा टळून शंभरेक किलोमीटर वाचतात, ते ४० किलो.

तिन्ही केलं तर १,७६६ चे ८१० होतात. दोन क्रेडिटच्या जागी एक पुरतं.

प्लास्टिकच्या बाटल्या बंद करणं चांगलंच आहे, करा, पण ते कार्बनच्या यादीत मोठं काम म्हणून दाखवू नका. गडावर कचरा नको हे कारण पुरेसं आहे.

## टप्पा ७: क्रेडिट विकत घेणं

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कुणीतरी कुठेतरी एक टन कमी सोडलं किंवा शोषलं आणि त्याची नोंद एका रजिस्ट्रीत झाली. गोल्ड स्टँडर्ड आणि व्हेरा या दोन मोठ्या रजिस्ट्री, दोन्हींची यादी कुणालाही ऑनलाइन उघडून बघता येते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने आणलेलं 'ग्रीन क्रेडिट' वेगळं आणि कार्बन क्रेडिट वेगळं. ग्रीन क्रेडिट टनात मोजत नाहीत, ते दाखवून ट्रेकचे टन फिटत नाहीत.

विकणाऱ्याला हे विचारा, या क्रमाने:

१. प्रोजेक्टचा नंबर काय? तो घेऊन स्वतः रजिस्ट्रीवर शोधा. नंबर देत नसेल तर तिथंच थांबा.
२. क्रेडिट कुठल्या वर्षाचं? मागच्या तीन-चार वर्षांतलं घ्या.
३. हा प्रोजेक्ट क्रेडिटच्या पैशाशिवाय झाला असता का? इथं सगळ्यात जास्त फसगत होते. पवनचक्की आणि सोलरची जुनी क्रेडिटं स्वस्त मिळतात, पण ती वीज आता तशीही परवडते, तुमच्या पैशाने नवीन काही घडत नाही. क्रेडिटचा दर्जा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये अक्षय ऊर्जेच्या जुन्या पद्धतींना आपलं दर्जाचं लेबल नाकारलं, ते याच कारणाने.
४. मोजणी कशी केली? सुधारित चुलींच्या क्रेडिटवर २०२४ साली आलेल्या एका अभ्यासात खऱ्या बचतीच्या सरासरी नऊ पटीहून जास्त क्रेडिटं दिली गेल्याचं निघालं. चूल वाटली म्हणजे ती रोज वापरली असं नाही. वापर मीटरने मोजणारा प्रोजेक्ट बघा.
५. क्रेडिट माझ्या ग्रुपच्या नावाने रिटायर करून देणार का?

पाचवा प्रश्न सोडू नका. क्रेडिट विकत घेतलं म्हणजे काम झालं नाही. ते रजिस्ट्रीत रिटायर झालं, म्हणजे कायमचं बाद झालं, तरच तुमचं. नाहीतर तेच क्रेडिट उद्या दुसऱ्याला विकता येतं. विकणाऱ्याने पाठवलेलं रंगीत सर्टिफिकेट पुरावा नाही, रजिस्ट्रीच्या पानावर सीरियल नंबर, तारीख आणि लाभार्थी म्हणून तुमच्या ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे.

माझी निवड विचाराल तर घरगुती गोबरगॅस, वापर मोजला जात असेल तर. शेणाचा मिथेन हवेत जात नाही, लाकूड आणि सिलिंडर वाचतो, आणि आपल्या जिल्ह्यात गोठा असलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर बायोचार (काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला कोळसा), कारण त्यातला कार्बन मातीत फार काळ टिकतो.

छोट्या ट्रिपचं अर्धा-पाऊण टन निघत असेल तर सीझनभराचं एकत्र करून पूर्ण टनात घ्या, वर गोळा करून. खर्च फीमध्येच धरा. 'ऐच्छिक' चौकोन ठेवला की मोजके लोक टिक करतात आणि बाकीचं उत्सर्जन तसंच राहतं.

## टप्पा ८: रोपं लावायचीच असतील तर

लावा, पण ट्रिपच्या टनांपोटी धरू नका. एक झाड वर्षाला २०-२२ किलो घेतं हा आकडा सगळीकडे फिरतो, तो वाढलेल्या झाडाचा आहे. जूनमध्ये लावलेलं वीतभर रोप पहिली तीन-चार वर्षं जवळपास काही घेत नाही, आणि पहिल्या एप्रिल-मेमध्ये पाणी नसेल तर ते राहतच नाही. उत्सर्जन मात्र याच डिसेंबरचं आहे.

आणि कळकळीची विनंती, मसाई पठारावर खड्डे मारू नका. जांभ्याचा सडा दिसायला उजाड वाटतो, पण तिथल्या बोटभर मातीत पावसाळ्यात जी फुलं आणि गवत येतं ते मोकळ्या सड्यावरच येतं, झाडांची सावली पडली की जातं. रोपं गावच्या बांधावर, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, ज्याची जमीन त्याला विचारून लावा. जांभूळ, करंज, आंबा, फणस, ओढ्याकाठी अर्जुन. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढतात म्हणून लावू नका. दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्या माणसाला त्याचे पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय रोप आणायला जायचंच नाही.

## टप्पा ९: पोस्टरवर काय लिहायचं

१५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध (पर्यावरणाच्या खोट्या किंवा फुगवलेल्या दाव्यांविरुद्ध) मार्गदर्शक सूचना काढल्यात. पर्यावरणाचा दावा केला तर त्याचा पुरावा आणि तपशील ग्राहकाला मिळाला पाहिजे, नुसतं 'इको-फ्रेंडली', 'कार्बन न्यूट्रल' चालत नाही. छोटा ग्रुपही सेवा विकतो, त्यामुळे आपल्याला लागू नाही असं समजू नका.

असं लिहा: 'डिसेंबरच्या पन्हाळा-दाजीपूर ट्रिपचं उत्सर्जन घर ते घर १,९४३ किलो, यात पाहुण्यांचा प्रवास आणि जेवण धरलंय, साहित्य धरलेलं नाही. त्यापोटी २ क्रेडिट रिटायर केली, सीरियल नंबर अमुक.' लांब आहे, पण यातला प्रत्येक शब्द तुम्हाला दाखवता येतो. 'या ट्रेकमुळे निसर्गाला काही धक्का नाही' असलं वाक्य कुठेही नको, कारण डिझेल जळालेलंच आहे.

## टप्पा १०: फाइल

हद्दीचं पान, पाहुण्यांचे फॉर्म, वहीच्या पानांचे फोटो, पावत्या, शीट आणि रिटायरमेंटची लिंक एका फोल्डरमध्ये, ट्रिपच्या नावाने आणि तारखेने. शीटमध्ये प्रत्येक आकड्यासमोर 'मोजला' किंवा 'अंदाज' असा शिक्का. पुढच्या ट्रिपला जास्तीत जास्त 'अंदाज' चे 'मोजला' करायचे, सुरुवात हॉटेलच्या मीटरपासून करा, ते सगळ्यात सोपं आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी विजेचा आकडा नवीन आलाय का बघून शीटमध्ये बदला, जुन्या ट्रिपांचे आकडे तसेच राहू द्या.